युद्धाचा इतिहास शिकविताना

करजण हे युद्धाचे गाव नव्हे. नर्मदा येथून दूर नाही, भोवतालची काळी जमीन कापसाची आहे, आणि मुंबईहून बडोद्याकडे जाणाऱ्या गाड्या मियागाम-करजण स्थानकातून रात्रंदिवस धावत असतात. इतिहासात या गावाचे नाव येते ते वेगळ्याच कारणाने. येथून डभोईकडे जाणारा अरुंद रुळांचा लोहमार्ग गायकवाड सरकारने १८६२ साली घातला, आणि आरंभी त्यावरील डबे बैलांनी ओढले. अशा गावी वर्गात उभे राहून दुसऱ्या महायुद्धाचा पाठ काढावा, तर विद्यार्थ्यांच्या चेहऱ्यावर जो भाव उमटतो तो आम्हांस आता चांगला ओळखीचा झाला आहे. पोलंड, पर्ल हार्बर, स्टॅलिनग्राड ही नावे फळ्यावर लिहून होत नाहीत तोच मागच्या बाकावरून प्रश्न येतो, "सर, यातले परीक्षेला काय येते?"

हीच मुले शाळा सुटल्यावर मोबाईलच्या पडद्यावर लढाया खेळतात. रणगाड्यांचे आणि बंदुकांचे प्रकार त्यांना आमच्यापेक्षा अधिक ठाऊक असतात. तेव्हा युद्ध त्यांना दोन रूपांत भेटते: एक परीक्षेचे, कारणे आणि परिणाम यांच्या यादीचे, दुसरे करमणुकीचे, धुराचे आणि धडाक्याचे. दोहोंतही माणसे मरतात; परंतु त्यांच्या घरी कोणी वाट पाहत असल्याचे दिसत नाही. ही उणीव कशी भरून काढावी, याचा विचार गेली काही वर्षे आमच्या मनात चालू आहे. तो या वार्षिकाच्या निमित्ताने विद्यार्थ्यांपुढे व त्यांच्या घरच्या वडीलधाऱ्यांपुढे मांडावा, असे वाटले.

आमची मातृभाषा कोकणी. आजोळ कारवारकडील किनाऱ्यावरचे. जहाजावर नोकरी करणाऱ्यास आमच्या भाषेत 'तारवटी' म्हणतात, आणि जुन्या पिढीत किनाऱ्यावरील पुष्कळ घरांत एक तरी तारवटी असावयाचा. आमच्या आजीचे वडील त्यांपैकीच. आजी सांगे की, एरवी पोस्टमन गावात शिरला की सारी मुले त्याच्या मागे धावत. परंतु लढाईच्या वर्षांत तो दुरून दिसला की तिची आई हातातले काम टाकून आत जाऊन बसे. पत्र येणे हाच धसका होता. आजीचे वडील परत आले. शेजारच्या घरचा माणूस आला नाही. कोणत्या समुद्रात, कोणत्या तारखेस, हे त्या घरास कधीच कळले नाही. त्या घरातल्या म्हातारीने पुढे कित्येक वर्षे त्याच्या नावाची पेटी उघडू दिली नव्हती.

हे आम्ही लहानपणी गोष्ट म्हणून ऐकले. इतिहास म्हणून त्याकडे पाहावयास शिकलो ते पुढे, मुंबईतील एका स्मारकाची माहिती वाचली तेव्हा. मशीद बंदरच्या बाजूस खलाशांचे वसतिगृह आहे. पहिल्या महायुद्धात बुडालेल्या, आणि समुद्रावाचून ज्यांना दुसरी कबर वा चिता लाभली नाही अशा दोन हजारांवर हिंदी खलाशांचे स्मारक तेथे आहे. दुसऱ्या महायुद्धातील मृतांची नावे ग्रंथरूपाने लिहून ठेविली असून त्याची एक प्रत मुंबईस व दुसरी चितगावला ठेवलेली आहे. त्यांत व्यापारी जहाजांवरील सुमारे सहा हजार माणसे आहेत. हे लोक सैनिक नव्हते. कोणी भट्टीत कोळसा घालीत होता, कोणी भांडी घाशीत होता, कोणी दोर ओढीत होता. पाठ्यपुस्तकात त्यांना एक ओळही मिळालेली नाही.

म्हणून आम्ही आता महायुद्धाचा पाठ पोलंडपासून न आरंभिता एका जहाजापासून आरंभितो. त्या जहाजाचे नाव 'तिलावा'.

'तिलावा' हे ब्रिटिश इंडिया कंपनीचे उतारू जहाज. २० नोव्हेंबर १९४२ रोजी ते मुंबई सोडून मोंबासाच्या दिशेने निघाले. जहाजावर सर्व मिळून ९५८ माणसे होती. उतारूंत गुजराती कुटुंबे पुष्कळ होती. आफ्रिकेत दुकान असलेला बाप, त्याच्याकडे निघालेली बायको, कडेवर मूल, अशी. २३ नोव्हेंबरच्या पहाटेपूर्वी, सेशेल्स बेटांपासून सुमारे ९०० मैलांवर, जपानी पाणबुडीचा पहिला पाणतीर जहाजास लागला. लोक होड्यांत उतरले. काही वेळाने जहाज तरंगतच आहे असे पाहून परत जहाजावर चढावे असा विचार चालू असता दुसरा पाणतीर बसला आणि 'तिलावा' बुडाले. २८० माणसे गेली. दोन दिवसांनी 'बर्मिंगहॅम' या युद्धनौकेने होड्यांतील आणि तराफ्यांवरील ६७४ जणांना उचलले, आणि २७ नोव्हेंबरला त्यांना मुंबईस आणून पोहोचविले. आणखी चौघांना 'कार्थेज' या जहाजाने वाचविले.

एवढे सांगून झाले म्हणजे वर्गात शांतता होते. करजणच्या मुलांना आफ्रिका परकी नाही. गुजरातेतील गावोगावी आफ्रिकेस गेलेल्या घराण्यांच्या कहाण्या अजून सांगितल्या जातात. नकाशावर मुंबई ते मोंबासा अशी रेघ ओढली की त्या रेघेवर आपल्यासारखीच माणसे होती, हे त्यांना वेगळे सांगावे लागत नाही.

त्याच जहाजावर २,३६४ चांदीच्या लगडी होत्या. दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने नाणी पाडण्यासाठी त्या मागविल्या होत्या. २०१७ साली एका कंपनीने समुद्राच्या तळाशी, सुमारे अडीच किलोमीटर खोल जाऊन ती चांदी वर काढली. तिच्यावर हक्क कोणाचा, याचा वाद इंग्लंडच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०२४ साली तो दक्षिण आफ्रिकेच्या बाजूने निकालात निघाला. बुडालेल्या माणसांच्या स्मरणार्थ मुंबईत त्यांचे वंशज आणि बचावलेल्यांपैकी हयात माणसे एकत्र जमली ती २०२२ साली, म्हणजे ऐंशी वर्षांनी. चांदीची मोजदाद पहिल्या दिवसापासून कागदावर होती. माणसांची आठवण घराघरांत विखुरलेली राहिली, आणि ती एकत्र आणण्याचे काम कोणा सरकारने नव्हे, त्यांच्या नातवंडा-पतवंडांनी केले. विद्यार्थ्यांनी हा फरक नीट ध्यानात धरावा, असे आम्हांस वाटते.

यापुढचा भाग शिकविणे अधिक कठीण आहे. 'तिलावा' बुडविणाऱ्या पाणबुडीचे नाव 'आय-२९'. पाच महिन्यांनी, एप्रिल १९४३ मध्ये, मादागास्करजवळच्या समुद्रात एका जर्मन पाणबुडीतून दोन हिंदी माणसे रबरी होडीने याच 'आय-२९' वर आली. त्यांतील एक होते आबिद हसन आणि दुसरे नेताजी सुभाषचंद्र बोस. या पाणबुडीने त्यांना सुमात्राकडील साबांग बेटावर पोहोचविले, आणि तेथून पुढे आझाद हिंद सेनेचा तो सारा इतिहास घडला. नेताजींचे नाव गुजरातेस जवळचे आहे. १९३८ साली सुरत जिल्ह्यातील हरिपुरा येथे भरलेल्या काँग्रेसच्या अधिवेशनाचे ते अध्यक्ष होते. आमच्या शाळेतही तेवीस जानेवारीला त्यांच्या तसबिरीस हार घातला जातो.

हे प्रथम सांगितले त्या दिवशी आठवीतल्या एका मुलाने उठून विचारले, "मग सर, ती पाणबुडी आपली की शत्रूची?" आम्ही उत्तर देण्याची घाई केली नाही. वर्गालाच विचारले. कोणी म्हणाला, शत्रूची, कारण तिने आपली माणसे बुडविली. कोणी म्हणाला, आपली, कारण तिने नेताजींना आणले. शेवटी एक मुलगी म्हणाली, "सर, दोन्ही गोष्टी झाल्या ना? मग दोन्ही लिहायच्या." आम्हांस याहून चांगले उत्तर सुचले नसते. त्या दिवशी वहीच्या एकाच पानावर, एकाखाली एक, दोन्ही नोंदी सालासह लिहिल्या गेल्या. खाली तिसरीही लिहिली: २६ जुलै १९४४ रोजी 'आय-२९' हीच अमेरिकन पाणबुडीच्या पाणतिरांनी बुडाली आणि तिच्यावरील एकच खलाशी वाचला. जपानातही कोणाची तरी आई दाराशी उभी असेल, हे मुलांच्या आपोआप ध्यानात आले.

याच प्रश्नाचे दुसरे रूप सैनिकांविषयी निघते. "जे इंग्रजांच्या बाजूने लढले त्यांची आठवण आपण का ठेवावी?" प्रश्न रास्त आहे, आणि तो विचारणाऱ्या विद्यार्थ्यास दटावून गप्प बसविणे हा इतिहासाचा अपमान होईल. १९४२ साली एकीकडे 'छोडो भारत'ची चळवळ चालू होती, तुरुंग भरत होते, आणि दुसरीकडे लाखो हिंदी तरुण त्याच सरकारच्या फौजेत होते. युद्ध संपेपर्यंत त्यांची संख्या पंचवीस लाखांपर्यंत गेली. सुमारे ८७,००० मेले. हे सारे सक्तीने भरती झालेले नव्हते. त्यांत घराण्याची परंपरा होती, कोरडवाहू जमिनीचा तुकडा पुरत नव्हता ही अडचण होती, आणि दरमहा घरी जाणारी मनिऑर्डर होती.

आम्ही येथे नाईक यशवंत घाडगे यांचे नाव सांगतो. रायगड जिल्ह्यातील माणगाव तालुक्यातले पळसगाव हे त्यांचे गाव. १० जुलै १९४४ रोजी, इटलीत तिबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, मराठा पलटणीच्या त्यांच्या तुकडीवर मशीनगनचा मारा झाला. तुकडीतले इतर सर्व मारले गेले वा जखमी झाले. घाडगे एकटे पुढे धावले आणि त्यांनी ते ठाणे मोडले. शेवटी गोळ्या भरावयास उसंत नव्हती म्हणून बंदुकीच्या दस्त्याने लढले. लगेच लपलेल्या बंदूकधाऱ्यांच्या गोळ्या लागून ते तेथेच पडले. वय अवघे बावीस. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांचा पुतळा माणगावात आहे, आणि इटलीतील मोंतोने या गावाने २०२३ साली त्यांच्या स्मरणार्थ सूर्यघड्याळाचे स्मारक उभारले. ज्या लोकांच्या भूमीवर ते पडले, त्यांनी त्यांना विसरावयाचे नाकारले. साताऱ्याकडील अपशिंगे या गावचेही असेच. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जण कामास आले. त्यांचे स्मारक गावात आहे, आणि गावाच्या नावापुढे 'मिलिटरी' हा शब्द कायमचा चिकटला.

स्मरण आणि जयजयकार यांत अंतर आहे, हे आम्ही मुलांना वारंवार सांगतो. यशवंत घाडग्यांचे स्मरण केल्याने इंग्रजी राज्याचे समर्थन होत नाही. त्यांच्या नावापुढे मान लववावी, आणि त्याच वेळी हेही विचारावे की, कोकणातल्या एका तरुणास तिबरच्या काठी मरावे लागण्याजोगी जगाची घडी कोणी बसविली होती. ज्यास हा प्रश्न विचारता येतो त्यासच खरे स्मरण करता येते. १९४४ च्या वसंतात मणिपूरच्या डोंगरांत आझाद हिंद सेनेचे जवान होते आणि त्यांच्या समोरच्या फौजेत मराठा पलटणीचेही जवान होते. दोन्ही बाजूंच्या मातांची भाषा एक असणे अगदी संभवनीय होते. हे वाक्य फळ्यावर लिहिले की आमचा आवाज दर वर्षी थोडा खाली येतो.

मणिपूरचा विषय निघाला म्हणून एका तारखेविषयी सांगतो. १४ एप्रिल म्हटले की विद्यार्थ्यांस डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची जयंती आणि सुटी आठवते, आणि ते योग्यच आहे. परंतु १४ एप्रिल १९४४ या एका दिवशी दोन गोष्टी घडल्या. मोइरांग येथे आझाद हिंद सेनेने तिरंगा उभारला. आणि त्याच दिवशी दुपारी चारच्या सुमारास मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' हे जहाज उडाले. त्यावर सुमारे १,४०० टन स्फोटके होती, आणि त्यांच्याजवळच कराचीस चढविलेल्या कापसाच्या हजारो गाठी. कापसाची गाठ आतल्या आत कशी धुमसते, वरून विझली वाटली तरी पोटात विस्तव कसा राहतो, हे आमच्या वर्गातील जिनात काम करणाऱ्यांच्या मुलांस अनुभवाने ठाऊक आहे; तेच ती बाकीच्यांना समजावून देतात. आग लागल्याचे कळताच अग्निशामक दलाचे लोक जहाजावर गेले होते. अर्ध्या तासाच्या अंतराने दोन स्फोट झाले. त्यांचा हादरा सिमल्याच्या भूकंपमापक यंत्रावर उमटला. शेकडो माणसे गेली, त्यांत अग्निशामक दलाचे ६६ जवान होते. त्यांच्या स्मरणार्थ १४ ते २० एप्रिल हा आठवडा देशभर अग्निशमन सेवा सप्ताह म्हणून पाळला जातो. रस्त्याने लाल बंब जाताना दिसला की हे ६६ आठवावेत, एवढेच आम्ही मागतो. त्या जहाजावर सोन्याच्या विटाही होत्या, आणि गोदीतला गाळ काढताना त्या पुढे कित्येक वर्षांनीही सापडत राहिल्या. येथेही सोने चर्चेत राहिले, माणसे मागे पडली.

स्मरण केवळ मृत्यूचे करावयाचे असते, असेही नाही. युद्धाने घर गमावलेल्या पोलंडच्या मुलांना १९४२ साली नवानगरच्या जामसाहेबांनी आपल्या बालाचडीस आसरा दिला. आज त्या जागी सैनिक शाळा आहे. १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवडे येथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते. त्यांची शाळा होती, प्रार्थनामंदिर होते, आणि कोल्हापूरच्या बाजारात त्यांची ये-जा होती. वॉर्सा शहरात आज जामसाहेबांच्या नावाने 'चांगल्या महाराजांचा चौक' आहे आणि कोल्हापूरचे स्मारकही आहे. गुजरात आणि महाराष्ट्र या दोन्ही प्रांतांनी, स्वतः पारतंत्र्यात आणि टंचाईत असताना, हे केले. त्याच १९४३ साली बंगालच्या दुष्काळात लाखो माणसे अन्नावाचून मेली, हेही त्याच पानावर लिहावे लागते.

या साऱ्याचा वर्गात उपयोग कसा करतो, ते थोडक्यात सांगतो. इतर शिक्षकांस कदाचित उपयोगी पडेल. पाठ संपल्यावर प्रत्येक विद्यार्थ्याने घरी एकच प्रश्न विचारावयाचा: "१९३९ ते १९४५ या वर्षांत आपली माणसे कोठे होती?" जे उत्तर मिळेल ते वहीत दोन रकान्यांत लिहावयाचे. एका रकान्यावर 'ऐकलेले' आणि दुसऱ्यावर 'पाहिलेले' असे शीर्षक. आजोबांनी सांगितले ते पहिल्यात. जुने पत्र, पदक, छायाचित्र, रेशनचे कार्ड हाती लागले तर त्याची नोंद दुसऱ्यात. दोन्ही रकान्यांस मान सारखा, परंतु त्यांची सरमिसळ करावयाची नाही. इतिहासाचा अभ्यास येथूनच सुरू होतो.

उत्तरे साधीच येतात. रॉकेलसाठी रांगेत उभी राहिलेली पणजी, मुंबईहून माणसे गावी परतल्याने गजबजलेले घर, आफ्रिकेहून दोन वर्षे न आलेले पत्र. एका मुलीच्या घरी मराठी बोलतात, दुसऱ्याच्या घरी गुजराती, आमच्या घरी कोकणी. आठवणीही अशाच तीन भाषांत वाटल्या गेल्या आहेत. आफ्रिकेच्या जहाजाची आठवण गुजरातीत, गोदीच्या स्फोटाची मराठीत, तारवट्यांची कोकणीत. वर्गात त्या प्रथमच एका बाकावर बसतात. एकदा एका विद्यार्थ्याने कोरी वही आणली आणि सांगितले, "घरी कोणालाच काही आठवत नाही." आम्ही त्यास तसेच लिहावयास सांगितले, तारखेसह. ज्यांच्याकडे विचारावयाचे ते माणूसच उरले नाही, हीही एक नोंद आहे, आणि ती वाचून दुसऱ्या दिवशी तीन मुलांनी आपापल्या आज्यांना पुन्हा गाठले.

घरच्या वडीलधाऱ्यांस आमची नम्र विनंती आहे. त्या काळी जी माणसे दहा वर्षांची होती त्यांनी आज नव्वदी ओलांडली आहे. त्यांचे बोलणे कंटाळवाणे वाटले, तेच ते वाटले, तरी मुलांना त्यांच्याजवळ बसवावे. पेटीतली जुनी कागदपत्रे रद्दीत घालण्यापूर्वी एकदा मुलांकडून वाचून घ्यावीत.

आणि विद्यार्थी मित्रहो, तुम्हांस एवढेच सांगणे आहे. परीक्षेत महायुद्धाची कारणे विचारतील, ती नीट लिहा. त्यांस गुण आहेत. परंतु यंदाच्या २३ नोव्हेंबरला, घरी किंवा शाळेत जेथे असाल तेथे, नकाशा उघडून मुंबईपासून मोंबासापर्यंत एकदा बोट फिरवा. त्यास गुण नाहीत. दोन मिनिटे लागतील.